भिंतीला दिलेलं उत्तर

टिटवी हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं, ती दीड वर्षाची असताना. तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही, आणि आवाज असा की तीन घरं पलीकडे जावा. आईच्या सासूबाईंना ते नाव मुळीच पसंत नव्हतं. "टिटवी ओरडली की अभद्र मानतात, आणि यांनी पोरीला तेच नाव ठेवलंय," असं त्या अजूनही फोनवर बोलून दाखवायच्या. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि विमानात बसून परदेशातही आलं.

परदेशात येऊन त्यांना सात महिने झाले होते. टिटवी आता चार वर्षांची आणि तिचा भाऊ, गोल गरगरीत ढब्बू, नऊ महिन्यांचा. बाबा पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर. सोमवारी उजाडता उजाडता पाठीवर भलीमोठी पिशवी मारून जायचे, ते शुक्रवारी संध्याकाळी उन्हाने आणि वाऱ्याने रापून परत यायचे. मधले दिवस आई, दोन पोरं आणि तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर.

स्वयंपाकघर एवढंसं, की ओव्हनचं दार उघडलं तर माणसाने बाहेर पडावं. बाथरूम मात्र ऐसपैस. टब, कमोड, धुण्याचं मशीन, कपडे वाळवायची घडीची दांडी, सगळं तिथेच. कमोडच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, हवा खेळती राहावी म्हणून वहीच्या पानाएवढी लोखंडी जाळी होती. तिच्या आड एक काळा पोकळ बोगदा. आईने पहिल्याच आठवड्यात तिथली धूळ पुसली आणि नंतर त्या जाळीकडे लक्षही दिलं नाही.

मशीन म्हाताऱ्या बैलासारखं होतं. धुताना गुमान उभं राहायचं, पण पिळायला लागलं की जागचं हलायचं आणि भिंतीला धडका द्यायचं. लहान बाळाचं घर, दिवसाला दोन खेपा धुणं ठरलेलं. पहिल्याच महिन्यात एकदा मशीन असं उधळलेलं असताना भिंतीच्या पलीकडून आवाज आला. ठक, ठक, ठक. कुणीतरी काठीने ठोकत होतं.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या मुलुखात आपल्यामुळे कुणाला त्रास! तिने मशीनखाली जाड पांघरुणाची घडी सरकवली, धुण्याच्या वेळा बदलल्या. तरी आठवड्यातून एक-दोनदा ते ठक ठक यायचंच. हळूहळू लाजेची जागा चिडीने घेतली. "आम्ही काय हौसेने धुतो का?" ती भिंतीलाच म्हणायची. पलीकडे कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं. ती भिंत म्हणजे शेजारच्या जिन्याची हद्द. त्या जिन्याचं दार मागच्या रस्त्यावर. एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी पाठ लावून राहणारी माणसं, पण एकमेकांच्या उंबऱ्यावर जायचं तर अख्ख्या इमारतीला वळसा.

आणि जाऊन बोलणार तरी काय? इथली भाषा तिला नमस्कार, माफ करा, आज बंद आहे, एवढीच येत होती. टिटवी मात्र चार महिने बालवाडीत काय गेली, पाण्यात बेडूक पडावा तशी त्या भाषेत पोहायला लागली. बाहुलीला रागावायची त्या भाषेत, ढब्बूला खेळवायची त्या भाषेत. आईला कौतुक वाटायचं आणि कुठेतरी टोचायचंही. पोटची पोर, आणि तिचं निम्मं बोलणं आपल्याला कळू नये!

टिटवीला कमोडवर बसलं की अर्धा तास लागायचा. आत तिची बडबड चाललेली असायची.

"कुणाशी बोलतेस गं?"

"जाळीतल्या आज्जीशी."

"बरं. आज्जीला सांग, आता धुवून बाहेर यायचंय."

मुलांना असले सवंगडी असतातच. आईला लहानपणी कपाटातला एक मामा होता. टिटवी जाळीतल्या आज्जीकडून म्हणे वीसपर्यंत आकडे शिकली. बालवाडीत शिकली असेल, आईने मनात म्हटलं.

त्या आठवड्यात मंगळवारी दुपारी ढब्बूला पहिल्यांदा उकडलेलं गाजर भरवायचा घाट घातला होता. साहेबांनी एक घास घेतला, विचार केला आणि सगळं फुर्र करून आईच्या तोंडावर, भिंतीवर, पडद्यावर उडवलं. टिटवी हसून हसून खुर्चीवरून घसरली. आई एका हातात बाळ, एका हातात फडकं घेऊन पुसत होती, तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. ठक. ठक ठक.

मशीन बंद होतं. आईला ते जाणवलं. अगदी स्पष्ट जाणवलं. मशीन सकाळीच आटोपलं होतं, घरात कसलाही दणदणाट नव्हता. पोरगी जरा मोठ्याने हसली, एवढंच.

ठक ठक. ठक ठक ठक.

"आता हसायचं पण नाही का?" आई तडकली. सात महिन्यांचं काय काय त्या क्षणी वर आलं. ज्यांच्याशी बोलता येत नाही ती माणसं, ज्यांच्या नजरा कळत नाहीत ती दुकानं, पाच-पाच दिवस घरात नसलेला नवरा, तोंडावरचं गाजर. बाळाला कमरेवर ठेवून ती तरातरा बाथरूममध्ये गेली, झाडू उलटा धरला आणि त्याच्या दांड्याने भिंतीवर दाणदाण ठोकलं. पाच वेळा, अंगातला सगळा जोर लावून.

पलीकडे शांत झालं.

"कसं गप्प बसलं!" आई ढब्बूला म्हणाली. तिला चक्क बरं वाटलं.

बुधवारी टिटवी बाथरूममधून बाहेर आली ती नेहमीसारखी उड्या मारत नाही. आईच्या झग्याला धरून म्हणाली, "आई, जाळीतली आज्जी खाली झोपलीय. उठतच नाही."

"झोपू दे तिला. दमली असेल." आई बाळाचा शर्ट शोधत होती.

"तिला रडू आलं. मी उगी उगी केलं."

"शहाणी माझी बाई."

दुपारी टिटवी पुन्हा आत जाऊन बसली. या वेळी तिचा आवाज वेगळाच यायला लागला. आई दाराशी थबकली. आत आपलीच मुलगी होती, पण बोलणं तिचं नव्हतं. जाड, ओढलेला, मध्येच श्वास लागून तुटणारा आवाज. इथल्या भाषेतलं एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. प्रत्येक शब्दानंतर थांबून. चार वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून असा आवाज निघेल यावर विश्वास बसेना. तिने दार उघडलं. टिटवी जाळीला गाल लावून बसली होती.

"बंद कर ते! कुठून शिकलीस असं बोलायला?"

टिटवी दचकून रडायला लागली. आईने तिला उचलून बाहेर आणलं. दार ओढून घेताना जाळीच्या आतून बारीक, कण्हल्यासारखं काहीतरी आलं असं तिला वाटलं. नळांमध्ये हवा अडकली की येतो तसं. नळच असतील, असं तिने ठरवून टाकलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, पोरगी कशीतरीच बोलतेय. म्हातारीसारखं."

"नक्कल करत असेल. बालवाडीत कुणाची तरी पाहिली असेल." मागे वारा घोंघावत होता. "तू एकटी पडतेस ना दिवसभर, म्हणून असं वाटतं."

सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मीठ-मोहऱ्या घे आणि आधी दृष्ट काढ पोरीची. परक्या घरात कोण राहून गेलं असेल, आपल्याला काय ठाऊक?" आईने दृष्ट काढली, आणि बाथरूमच्या जाळीवर एक टॉवेल अडकवून टाकला.

तो टॉवेल पुढे किती दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

गुरुवार तिच्या कामाचा. कोपऱ्यावर कपडे दुरुस्त करून देणारं एक दुकान होतं, तिथे ती सोमवारी आणि गुरुवारी दुपारी बसायची. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. दुकानवाली पन्नाशीची, गळ्यात कायम टेप, ओठांत टाचण्या. दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे कुणालाच कुणाची लाज वाटायची नाही. ढब्बू बाबागाडीत झोपायचा आणि टिटवी कापायच्या टेबलाखाली बटणांचा डबा घेऊन संसार मांडायची.

त्या दिवशी टेबलाखाली टिटवीने बाहुलीला जमिनीवर आडवं केलं, अंगावर कापडाचा तुकडा टाकला, आणि तो आवाज काढला.

दुकानवालीचं मशीन थांबलं. तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि टिटवीला काहीतरी विचारलं. टिटवीने उत्तर दिलं. पुन्हा काही विचारलं, पुन्हा उत्तर. दुकानवाली सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"तुमच्याकडे कोण पडलंय?"

"कुठे? कोणी नाही."

"ही म्हणतेय, मी पडले आहे. उठता येत नाही. दार उघडा. पाणी द्या." दुकानवालीने टिटवीकडे बोट दाखवलं. "म्हणते, जाळीतली आजी असं बोलते. ही आपल्या मनचं नाही बोलत. अशी भाषा लहान मुलं बोलत नाहीत. म्हातारी माणसं बोलतात, जुन्या वळणाची."

आई खाली गुडघ्यांवर बसली. "टिटवे, आज्जी हे कधीपासून म्हणतेय? नीट सांग, राणी."

टिटवीला काल-परवा कळत नव्हतं. अजून तिच्यासाठी सगळं काल होतं. तिने विचार केला.

"ढब्बूने गाजर थुंकलं ना, तेव्हापासून."

जाळीच्या पलीकडे तेच भिंतीमागचं घर. मंगळवार. मशीन बंद होतं. ठक ठक ठक.

मग ती धावली. टिटवीला काखेत मारून, बाबागाडी दुकानवालीच्या भरवशावर टाकून, इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्याला. दुकानवाली फोन कानाला लावून, गाडी ढकलत, धापा टाकत मागून. दाराशी बारा घंट्या, बारा नावं, एकही वाचता येईना. आईने बाराही दाबल्या, पंजा पसरून, पुन्हा पुन्हा. कुणीतरी दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने मनात आपलं घर उलटं केलं. आपलं बाथरूम जिन्यापासून डावीकडे, म्हणजे इथे ते उजवीकडे. तिने उजवीकडचं दार दोन्ही हातांनी बडवलं. आतून काही नाही.

अग्निशमन दलाची माणसं आठ-दहा मिनिटांत आली असतील. त्यांनी कुलूप कसलंसं हत्यार घालून फिरवलं आणि ती आत गेली. दारातून कोंडलेल्या, आंबलेल्या हवेचा भपकारा आला. आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. कुणीतरी म्हणेल, उशीर झाला. तिला ती भाषा येत नव्हती, पण तेवढं कळलं असतं.

स्ट्रेचर बाहेर आलं त्यावर एक अगदी लहानखुरी बाई होती. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटून काळे पडलेले, मूठ अजून काठीभोवती आवळलेली. कुणालाच ती सोडवता आली नसावी. डोळे मिटलेले. स्ट्रेचर वळणावर थांबलं आणि त्या ओठांतून काहीसं पुटपुटणं आलं.

"हीच!" टिटवी किंचाळली, आपल्या तीन घरं पलीकडे जाणाऱ्या आवाजात. "आई, हीच जाळीतली आज्जी!"

म्हातारीचे डोळे उघडले, आणि त्या आवाजाच्या दिशेने वळले.

त्यानंतरचे दिवस आईने कधी मागितले नव्हते असे होते. ज्या इमारतीत सात महिने कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं, तिथे लोक जिन्यात थांबून तिचा हात हातात घ्यायला लागले. दाराशी कुणी फुलं ठेवून गेलं, कुणी टिटवीसाठी लाकडी घोडा. बालवाडीच्या बाईंनी सगळ्या मुलांकडून टिटवीसाठी टाळ्या वाजवून घेतल्या. शुक्रवारी नवरा आला, त्याने तिला दारातच जवळ घेतलं. "तुझ्यामुळे एक माणूस वाचलं, कळतंय का तुला?"

तिने मान हलवली. दोन दिवस कढ दाबून धरला आणि रविवारी भांडी विसळता विसळता त्याला झाडूचं सांगितलं.

तो हातातली ताटली पुसत होता. "तुला काय माहीत होतं? तुझ्या जागी कोणीही तेच केलं असतं."

"मशीन बंद होतं हो. मला कळलं होतं की मशीन बंद आहे."

"अगं, पण..."

"आणि मी टॉवेल लावला."

त्याने ताटली जागेवर ठेवली.

आठवड्याभराने दवाखान्यातून निरोप आला की आजींना भेटायचं आहे. आई दुकानवालीला सोबत घेऊन गेली. आजी उशांना टेकून बसल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलं होतं, पण डोळे लख्ख. त्या हळूहळू बोलत होत्या आणि दुकानवाली तुकड्या-तुकड्यांनी सांगत होती. मंगळवारी सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला. फोन स्वयंपाकघरात. हाताशी फक्त काठी आणि टबावरचा ओला टॉवेल. तो टॉवेल त्या चोखत राहिल्या.

मग आजींनी हात पुढे करून आईचं मनगट धरलं.

"ती म्हणते," दुकानवाली म्हणाली, "मी ठोकलं, आणि तिकडून उत्तर आलं. जोरात, पाच वेळा. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय, आता कुणीतरी येणार. म्हणून मी जागी राहिले. डोळा लागू दिला नाही. ते उत्तर आलं नसतं तर मी त्याच दिवशी हात टेकले असते."

मनगटावरची बोटं कागदासारखी कोरडी होती.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "ते उत्तर नव्हतं. मी चिडून ठोकलं होतं. गप्प बसा म्हणून. सांग त्यांना."

दुकानवाली म्हणाली, "हे मी सांगणार नाही."

"का?"

"ती त्यावर दोन रात्री जगली आहे. ते मी तिच्याकडून काढून घेऊ? तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून?"

आजी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. दुकानवालीने हसून उत्तर दिलं. काय, ते आईला कळलं नाही. निघताना आजींनी पुन्हा एक प्रश्न विचारला, आणि त्यात मधोमध आईला आपला शब्द ऐकू आला. उगी. उगी.

"विचारतेय, मुलगी हे सारखं म्हणायची, याचा अर्थ काय?"

"रडू नको," आई म्हणाली, आणि दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून स्वतः रडली.

आजी परत आल्या नाहीत. त्यांना बसने दीड तास लागतो अशा एका गावी, वृद्धांची देखभाल करणाऱ्या घरात नेलं. पलीकडचं घर रिकामं झालं.

आणि ठक ठक सुरू झालं.

पहिल्यांदा मशीन चालू असताना आलं, तेव्हा आईने मशीन बंद करून कान दिला. काही नाही. मग भाजी चिरताना. मग ढब्बूला आंघोळ घालताना. मशीन समोरच्या भिंतीकडे हलवून घेतलं, झाडू बदलला, तरी यायचंच. नवरा म्हणायचा, मला काही ऐकू येत नाही. टिटवीलाही नाही यायचं. टिटवी सरळ जाळीला तोंड लावून आत हाक मारायची, वाट बघायची आणि खांदे उडवून निघून यायची. "आज्जी गावाला गेलीय."

आईला मात्र ते ऐकल्यावर घरात बसवायचं नाही. ढब्बूला कमरेवर घ्यायची, टिटवीला चपला चढवायची आणि इमारतीला वळसा घालून त्या दाराशी जायची. वर जाऊन कान लावायची. "फिरायला जाऊ या" असं सांगायची मुलांना. एकदा भर दुपारी ते दार उघडंच होतं. आत रंगारी भिंतींना पांढरा हात मारत होता. बाथरूमची ती भिंत अर्धी ओली चकचकीत होती. आईने खुणेने विचारलं, तुम्ही ठोकलं का? त्याने मान हलवली आणि ओला ब्रश दाखवला. ब्रशाचा कुठे आवाज होतो?

अशीच ती एका गुरुवारी दुकानात येऊन बसली आणि दोरा ओवता ओवता म्हणाली, "मला तुमच्या भाषेतलं एक वाक्य शिकव."

"कोणतं?"

"मी रागाने ठोकलं होतं."

दुकानवालीने सुई खाली ठेवली. "तू ऐकणार नाहीस."

"नाही."

"तिचं भलं कशात आहे, याचा विचार केलास?"

"केला. रोज करते. पण ते घर मला सारखं बोलावतंय, आणि मी दरवेळी जातेय. दोन पोरं घेऊन मी किती दिवस त्या जिन्यावर जाऊ?"

दुकानवालीने एका चिठोऱ्यावर ते वाक्य लिहिलं, आणि आईने त्याखाली आपल्या अक्षरांत त्याचा उच्चार. पाच शब्द. त्यातला चौथा घशातून काढायचा होता, आणि तो काही केल्या निघत नव्हता. आईने आठवडाभर पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तो घोकला. टिटवी कंटाळून म्हणायची, "असं नाही गं आई, असं!" आणि सहज म्हणून दाखवायची. तिला अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं.

शनिवारी ती दोन्ही मुलांना घेऊन बसने निघाली. नवरा येतो म्हणाला, तिने नको म्हटलं.

आजी खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर चौकड्यांची शाल. टिटवीला बघून त्यांचा चेहरा उजळला. टिटवीने जाऊन त्यांना वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले, पंधरा आणि सतराची अदलाबदल करून. त्यांनी ते दुरुस्त केले. ढब्बूने त्यांची शाल तोंडात घातली. खोलीत साबणाचा वास होता. आई दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. हे सगळं असंच राहू द्यावं, उठून बसथांब्यावर जावं, असं तिला फार वाटलं.

मग ती उठली, आजींच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि ते वाक्य म्हणाली.

आजींनी कपाळाला आठी घातली. कान पुढे केला. आईने पुन्हा म्हटलं. आजी काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या गं?" आईने टिटवीला विचारलं.

"म्हणते, तू चुकीचं बोलतेस." टिटवी खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ सोडून चित्र काढत होती.

आजींनी बोट वर केलं आणि तो चौथा शब्द स्वतः म्हटला, सावकाश, घशातून. आईने म्हटला. आजींनी मान हलवली, नाही. पुन्हा म्हटला. आईने पुन्हा. तसं चार वेळा झालं. आजींची नजर आईच्या ओठांवर होती, शाळेतल्या बाईंची असते तशी. पाचव्या वेळी तो शब्द आईच्या घशातून नीट निघाला. आजींनी होकाराची मान हलवली आणि हाताने खूण केली. आता सगळं.

आईने पाचही शब्द म्हटले. मी रागाने ठोकलं होतं.

या वेळी त्यात काही चूक नव्हती. आजींचा हात हवेत होता तो तसाच राहिला. त्या आईकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग होता की नाही, हे आई पुढे कितीदा आठवून पाहणार होती, पण तिला कधीच ठरवता आलं नाही. मग आजींनी हात खाली आणून शालीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. खाली गाड्या लावायच्या जागेत कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आजी ते पाहत राहिल्या.

आई पाच मिनिटं तशीच बसली. टिटवीने आजींना काहीतरी सांगितलं. त्यांनी न वळता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. बसची वेळ झाली तेव्हा आईने तो हात अलगद उचलून त्यांच्या मांडीवर परत ठेवला. त्यांनी ठेवू दिला.

परतीच्या बसमध्ये ढब्बू छातीवर झोपला, टिटवी मांडीवर. बाहेर सपाट शेतं, मध्येच एखादं गोदाम. पवनचक्क्या दिसल्या, पण त्या नवऱ्याच्या होत्या की दुसऱ्या कुणाच्या, तिला सांगता आलं नसतं. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बाळाकडे पाहून हसली, काहीतरी म्हणाली. आईला एक अक्षर कळलं नाही. तिने हसून मान हलवली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. ती ते पाच शब्द म्हणत होती, आवाज न करता, पुन्हा पुन्हा. चौथा शब्द घशातून अगदी बरोबर येत होता. त्या भाषेतलं एवढं एकच पूर्ण वाक्य तिला बिनचूक येत होतं.